कार्डावर नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात भाचीचं डोहाळजेवण आमच्याकडे झालं. साठ पानं होती. बाकीचा स्वयंपाक घरी करायचं ठरलं, पण पुरणपोळ्या काही मला एकटीला झेपणाऱ्या नव्हत्या. गुडघे आता ओट्यापाशी फार वेळ उभं राहू देत नाहीत. बाहेरून मागवाव्यात म्हटलं आणि फडताळातला बिस्किटांचा जुना डबा काढला. या डब्यात मी कितीतरी वर्षं लोकांची कार्डं टाकत आले आहे. गवंड्याचं, नळ दुरुस्त करणाऱ्याचं, कुणी हळदीकुंकवाला हातात दिलेलं, कुठल्या प्रदर्शनातून आणलेलं. सगळी पलंगावर ओतली. मोजली तर त्र्याण्णव निघाली!

पोळ्या करणाऱ्या बाईंचं कार्ड त्यात आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. श्रावणात त्यांच्या पोळ्या खाल्ल्या होत्या. नाव मात्र काही केल्या आठवेना. मग एकेक कार्ड वाचत बसले. एकावर नुसतं ‘एंटरप्रायझेस’, दुसऱ्यावर ‘गृहउद्योग’, तिसऱ्यावर कुणाच्या तरी कृपेनं असं मोठ्या अक्षरांत. ही मंडळी विकतात काय, ते कुठंतरी तळाशी मुंगीएवढ्या टायपात. एका कार्डावर लालभडक रंगावर सोनेरी अक्षरं होती. चष्मा लावला, खिडकीपाशी नेलं, तिरकं धरलं, तरी नंबर काही लागला नाही. आणखी एकावर लोणची, पापड, ब्लाऊज, विमा, मेंदी आणि जागेचे व्यवहार हे सगळं एकत्र नांदत होतं.

अर्ध्या तासानं हवं ते सापडलं. साधं जाडसर पांढरं कार्ड. वर काळ्या ठसठशीत अक्षरांत ‘पुरणपोळी’. खाली ‘दोन दिवस आधी सांगा’. त्याखाली बाईंचं नाव आणि एक नंबर. बस्स. फोन केला, आणि ठरल्या दिवशी सकाळी साडेदहाला पोळ्यांचे डबे दारात हजर!

तेव्हाच मनात आलं, यावर आपल्या सदरात लिहायला हवं. आपल्यातल्या कितीजणी आज घरबसल्या काही ना काही करतात. भाजणी, मसाले, शिवण, शिकवण्या, रुखवताचं सामान. ‘आता मोबाईल आहेत, कार्ड कशाला?’ असं सुना-लेकी म्हणतात. पण मोबाईलमध्ये नंबर साठवला तरी तो कुठल्या नावानं साठवला, हे वेळेवर आठवायला नको का? कार्ड निदान डब्यात तरी सापडतं.

खरं सांगायचं तर हा विषय माझ्या डोक्यात गौरी-गणपतीपासूनच घोळत होता. माझी धाकटी जाऊ साताऱ्याला असते. गेली बावीस वर्षं ती भाजणी करते आहे. थालीपिठाची, चकलीची, उपासाची, शिवाय मेतकूट आणि गोडा मसाला. हाताला चव अशी की पुण्या-मुंबईकडे गेलेल्या मुलीसुद्धा माहेरी आल्या की तिच्याकडून पिशव्या भरून नेतात. या वर्षी पुतण्यानं हौसेनं आईसाठी कार्ड केलं. शंभर छापूनही आणली. गौरीजेवणाच्या दिवशी तिनं मला लाजत लाजत एक दाखवलं.

दिसायला सुरेख होतं हो. डाव्या बाजूला अन्नपूर्णा, कडेनं वेलबुट्टी. वर ‘गृहउद्योग’ असं नाव. खाली भाऊजींचं संपूर्ण नाव, भाऊजींचा नंबर, आणि घर नंबरासकट सगळा पत्ता.

मी कार्ड उलटसुलट करून बघितलं. म्हटलं, “अगं, तुझं नाव कुठाय?”

“माझं कशाला, ताई? लोक ओळखतात की.”

“ओळखणाऱ्यांना कार्ड लागत नाही. न ओळखणाऱ्यांसाठीच ते असतं ना?”

भाऊजी जवळच पान खात बसले होते. ते हसून म्हणाले, “वहिनी, नाव हिचं काय नि माझं काय, घर एकच ना? आणि हिचा नंबर छापला तर नसते फोन येतील. रात्री-अपरात्री कोण कुठला माणूस.”

त्यांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं, म्हणून मी तिथं गप्प बसले. संध्याकाळी भांडी आवरताना जाऊबाईच बोलायला लागली. मागच्या दिवाळीत एका सोसायटीतल्या बायकांनी मिळून पंधरा किलो चकलीची भाजणी सांगितली होती. फोन अर्थातच भाऊजींच्या मोबाईलवर. ते ऑफिसात, कामाच्या गडबडीत. ‘सांगतो’ म्हणाले आणि विसरले. वसुबारसेला त्या बाई पिशव्या घेऊन दारात उभ्या! घरात होती तीन किलो भाजणी. आता धुणं, वाळवणं, भाजणं, दळणं एका रात्रीत कसं व्हायचं? त्या बाई काही बोलल्या नाहीत, पण परत आल्या नाहीत. “तो फोन मला आला असता तर मी वहीत लिहिला असता, ताई,” एवढंच म्हणाली ती आणि कढई घासत राहिली.

मग मी आणखी एक विचारलं. “पैसे कुठं येतात?” हल्ली सगळे मोबाईलवरून पैसे देतात, आणि ते ज्या नंबराला जे खातं जोडलेलं असेल त्यात जातात. नंबर भाऊजींचा, तेव्हा खातंही भाऊजींचंच. वर्षाला किती भाजणी विकली जाते हे तिला किलोत सांगता येत होतं, रुपयांत नाही. बावीस वर्षं! भाऊजी सरळ माणूस आहेत, पैशाला पैसा कधी कमी केला नाही त्यांनी. पण उद्या तिला मोठी चक्की घ्यायची झाली आणि ती बँकेत कर्ज मागायला गेली, तर बँक तिच्याच खात्यावरची देवघेव बघणार ना? तिथं दाखवायला काय आहे?

म्हणून मैत्रिणींनो, कार्ड करायला निघालात की रंग आणि वेलबुट्टी नंतर. आधी दोन गोष्टी ठरवा. नाव आणि नंबर.

नंबराचं भाऊजींना मी नंतर समजावलं. घरचा नंबर छापायचाच नाही. कामासाठी वेगळं सिमकार्ड घ्यायचं. बहुतेक फोनमध्ये दोन सिमं बसतात. त्या नंबरावर व्हॉट्सॲपचं व्यवसायासाठी असलेलं ॲप घालून घ्यायचं. ते फुकट मिळतं. त्यात कामाच्या वेळा लिहून ठेवता येतात आणि वेळेबाहेर कुणी निरोप पाठवला तर ‘सकाळी दहानंतर कळवते’ असं उत्तर आपोआप जातं. रात्री नऊनंतर ते सिम बंद ठेवलं तरी चालतं. पत्त्यातही घर नंबर नको. गावाचं आणि पेठेचं नाव, जवळचं एखादं देऊळ किंवा चौक पुरे. ज्याला यायचंय तो फोन करून येईल. आपली वही आपल्यापाशी, आपलं खातं आपल्या नावावर.

आणि नाव? ते तुमचं, पूर्ण. ‘सौ.’ लावायचं की नाही हा ज्या त्या बाईचा प्रश्न. मला विचाराल तर कार्डावर त्याची गरज नाही. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. यजमान गेल्यावर पाच महिने त्यांनी शिकवणीची कार्डं कुणाला दिली नाहीत. पुढं ‘सौ.’ छापलेलं होतं, आणि ते पेनानं खोडायला हात धजत नव्हता. शेवटी नुसत्या नावाची नवी कार्डं केली. पहिल्यापासूनच नुसतं नाव असतं तर? माहेरच्या नावानं तुम्हाला लोक ओळखत असतील तर तेही बिनदिक्कत घाला. आपल्या हाताची चव काही लग्नात बदललेली नसते.

आता छपाईकडे वळू. आकाराचा घोळ घालू नका. आपल्याकडचं नेहमीचं कार्ड साडेतीन इंच लांब आणि दोन इंच रुंद असतं. पाकिटात, पर्सच्या कप्प्यात तेच बसतं. पानाच्या आकाराची, गोल, त्रिकोणी कार्डं दुकानदार दाखवील आणि ती दोन दिवस छान वाटतील. पण ती कुठंच नीट राहत नाहीत, मग पहिली कचऱ्यात जातात. कागद घेताना ‘जीएसएम’ विचारतात. एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० चा असतो. कार्डाला ३०० च्या आसपासचा हवा. त्याहून पातळ घेतलात तर कोपरे लगेच दुमडतात.

वर चकचकीत लॅमिनेशन सगळेच सुचवतात. त्यावर पेन चालत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही! गिऱ्हाइकाला मागे ‘दोन किलो, शनिवारी’ असं लिहून द्यायचं असेल तर शाई फिसकटते. निदान मागची बाजू तरी साधी ठेवायला सांगा.

अक्षरांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथं आपण मराठी बायका फसतो. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, त्यामुळं इंग्रजी अक्षराच्याच मापात छापलं तरी मराठी अक्षर बारीक दिसतं. दुकानातल्या मुलाला हे लक्षात आणून द्यावं लागतं. दुसरं, कॉम्प्युटरवर पुष्कळदा हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात. आपला मराठी ल पाकळीचा आणि श देठाचा. २००९ सालच्या शासननिर्णयातसुद्धा हीच रूपं ठरवून दिलेली आहेत. ‘लोणची’ आणि ‘शेवया’ लिहायचं तर ती आपल्या वळणाची नकोत का? चांगले मराठी टाइप आता फुकट मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळींनी केलेला ‘मुक्ता’ हा त्यातलाच एक, वाचायला अगदी स्वच्छ. नंबर मात्र इंग्रजी आकड्यांत छापा, कुरियरवाला पोरगा कुठल्याही प्रांतातला असतो. दहा आकडे सलग नकोत. पाच-पाचचे दोन गट करा, म्हणजे डोळ्याला आणि तोंडाला दोन्हीला बसतात.

परीक्षा सोपी आहे. नमुना घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाच्या हातात द्या आणि हात लांब करून वाचायला सांगा. सासूबाई अडखळल्या की अक्षर मोठं करा.

रंग दोनच पुरेत. मोबाईलच्या पडद्यावर जो झगझगीत पोपटी दिसतो तो कागदावर मळकट उतरतो. पडद्यावर उजेड असतो, कागदावर शाई! कडेनं बारीक चौकट काढायचा मोह टाळा. गठ्ठा कापताना यंत्र केसभर जरी सरकलं तरी एकीकडे चौकट जाड आणि दुसरीकडे बारीक दिसते. मजकूर कडेपासून दोन-तीन मिलिमीटर तरी आत हवा. आणि मुलानं घरी कार्ड तयार केलं असेल तर ते छापखान्यात व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, अक्षरं फुटतात. पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. हे माझा पुतण्या स्वतः ठेच लागून शिकला.

ठेच म्हटल्यावर माझी आठवली, ती सांगतेच. १९८३ साली मी घरी शिवणाचा क्लास काढला होता. तेव्हा खिळ्यांची छपाई. कंपोझिटर एकेक अक्षर उलटं जुळवायचा आणि ट्रेडल मशीनवर खटॅक-खटॅक करून कार्डं निघायची. घरी टेलिफोन नव्हता. वरच्या मजल्यावरच्यांचा नंबर, पुढं कंसात ‘पी. पी.’. तुमच्यातल्या चाळिशी ओलांडलेल्यांना ते पी. पी. आठवत असेल! मी प्रूफ वाचलं ते छापखान्याच्या दारात, कडेवर धाकटा, तो माझी वेणी ओढतोय. “ठीक आहे” म्हणाले. दोनशे कार्डं आली. त्यावर सुबक अक्षरांत छापलं होतं, ‘परकर-बोलकी शिवून मिळतील’. ‘पो’चा ‘बो’ झाला होता! सासरे पुढं कितीतरी वर्षं विचारायचे, “काय सूनबाई, आज किती बोलकी शिवलीत?” चूक छापणाऱ्याची होती, पण सही माझी होती. दोनशेच्या दोनशे वापरावी लागली.

तेव्हापासून मी प्रूफ उलटीकडून वाचते. शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या अलीकडचा. असं केलं की मन पुढं धावत नाही. आणि नंबर नुसता वाचायचा नाही. प्रूफावर बघून तो फोन लावायचा आणि आपला मोबाईल वाजतो का ते बघायचं.

किती छापायची? हजार घेतली तर एकेक कार्ड स्वस्त पडतं, हे खरं. पण पहिल्या खेपेला शंभर-दोनशेच घ्या, आता तेवढीही छापून मिळतात. चार महिन्यांनी तुम्हालाच त्यात काहीतरी बदलावंसं वाटेल. आमच्याकडे माळ्यावर अजून जुन्या कार्डांचा एक गठ्ठा आहे, त्यांच्या मागं मी सामानाच्या याद्या लिहिते.

हल्ली कार्डावर तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन असतो ना, क्यूआर कोड, तो १९९४ साली जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीनं मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला काढला होता. आता भाजीवालीच्या गाडीवरही असतो. तुम्हाला घालायचा असेल तर निदान दोन सेंटिमीटरचा घ्या, भोवती पांढरी जागा सोडा, आणि छापण्यापूर्वी दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर चालवून बघा. इंटरनेटवर ‘फुकट’ करून मिळणारे काही कोड थोड्या दिवसांनी बंद पडतात आणि मग पैसे मागतात, तेव्हा तेवढं आधी नीट विचारून घ्या. खाण्याचे पदार्थ विकत असाल तर अन्नसुरक्षा खात्याकडची नोंदणी करून घ्यावीच लागते. तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटाच्या लेबलावर हवाच, कार्डावरही छोटासा घातलात तर नव्या गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो.

एवढं करूनही कार्ड डब्यातच जाणार, असं म्हणाल. मलाही तेच वाटत होतं. म्हणून आम्ही दोघी जावा बसलो आणि नवं कार्ड कागदावर पेन्सिलीनं आखलं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘भाजणी’. खाली एका ओळीत थालीपीठ, चकली, उपास. मग तिचं नाव, तिचा नवा नंबर, पेठ. अन्नपूर्णेला तिनं काढू दिलं नाही, तेव्हा ती कोपऱ्यात लहानशी राहिली. मागची बाजू रिकामी होती. मी विचारलं, “तुला बायका सगळ्यांत जास्त काय विचारतात?” ती म्हणाली, “चकली मोडते, काय करू? हेच.” मग तेच मागं छापलं. एक वाटी पाणी उकळायचं, त्यात तिखट, मीठ, तीळ आणि दोन चमचे तेल, गॅस बंद करून एक वाटी भाजणी घालायची, हलवून झाकण ठेवायचं, आणि कोमट झाली की पाण्याचा हात लावून खूप मळायची. मोडली तर मळणं कमी पडलं. तेलात विरघळायला लागली तर मोहन जास्त झालं.

हे कार्ड डब्यात जात नाही, ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटतं! माझ्याकडे तसंच आहे. शिवणाचं काम करणाऱ्या असाल तर कार्डाच्या लांब कडेला इंच-सेंटिमीटरची पट्टी छापा, साडेतीन इंचांची छान बसते. शिकवणीवाल्यांनी मागं पाढे छापायला काय हरकत आहे? बाईला रोज लागेल असं काहीतरी द्या.

देताना दोन द्यायची. एक तिला, एक तिच्या बहिणीला किंवा शेजारणीला. जपानी माणसं कार्ड दोन्ही हातांनी देतात आणि घेणारा ते वाचल्याशिवाय खिशात ठेवत नाही, ते मला फार आवडतं. आपण मेलं कार्ड देताना असं तोंड करतो की जणू उसनं मागतोय.

जाऊबाईची नवी दोनशे कार्डं आली त्या दिवशी तिनं फोन केला. नंबर तपासून घेतला होता, ‘ल’ आपला होता. आठवड्यानं मी विचारलं, कार्डं संपली का? तर म्हणाली, “माझी आहेत अजून. ह्यांनी पन्नास उचललीयत.” भाऊजी म्हणे शर्टाच्या खिशात घालून फिरतात. परवा एसटी स्टँडवर कुणी जुने ओळखीचे भेटले, तर बसमध्ये चढता चढता त्यांच्या हातात एक दिलं आणि म्हणाले, “हे आमच्या मिसेसचं. फोन तिलाच करा हं, मी विसरतो.”